रात्री खुर्चीखाली काय उरतं? : रिटर्न गिफ्ट आणि रिसेप्शनबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सहज लिहून गेले की लग्नसराई आलीय, पाहुण्यांना काय द्यायचं आणि रिसेप्शनला त्यांचा वेळ कसा घालवायचा याबद्दल काही अडलं असेल तर विचारा, आणि प्रश्नांचा नुसता पाऊस पडला. सगळे घेता आले नाहीत, रागावू नका. ज्यांना माझी ओळख नाही त्यांच्यासाठी, मी १८ वर्षं एका मंगल कार्यालयात बुकिंगच्या टेबलावर बसलेय. त्यामुळे माझी परीक्षा एकच असते, रात्री लाइट बंद करायच्या आधी मावशी हॉल झाडतात तेव्हा खुर्च्यांखाली काय सापडतं. जे सापडलं ते नापास.

प्रश्न : ताई, डिसेंबरात मुलाचं लग्न आहे, साडेचारशे माणूस धरलंय. रिटर्न गिफ्टसाठी माणशी ८० रुपये बाजूला काढलेत. जाऊबाई म्हणतात स्टीलची वाटी द्या, मुलगा म्हणतो रोपं देऊ, आणि ह्यांचं म्हणणं काहीच नको, जेवायला घालतोय तेच पुष्कळ झालं. माझं डोकं चालेनासं झालंय.
वरमाई, चिंचवड

उत्तर : वरमाई, आधी हिशोब करू. ४५० माणसं म्हणजे ४५० घरं नव्हेत हो. नवरा-बायको, दोन पोरं, सोबत आलेली आत्या हे सगळं एकच घर. पत्रिका वाटायची यादी काढा आणि घरं मोजा, १७०च्या आसपास भरतील. माणशी ८०ने तुमचे ३६ हजार होतात, तेच घरामागे वाटले की २११ रुपये येतात, आणि २११ रुपयांत वस्तू येते, ८० रुपयांत नुसती डबी येते. एका घरात चार सारख्या डब्या गेल्या की त्यातल्या तीन कामवालीला जातात, हे तुम्हीही केलंय आणि मीही केलंय.

आता रोपं. मुलाचा विचार चांगला आहे पण माझं ऐका, मी यात पोळलेय. माझ्या मुलाच्या लग्नात मी ३०० तुळशी आणल्या होत्या, नर्सरीवाल्यानं इमानदारीत सकाळी पाणी घालून काळ्या पिशव्यांत टेम्पोभर पाठवल्या, म्हणजे माती ओली, पिशवीला खालून भोकं, आणि समोर पैठण्या नेसलेल्या बायका. कुणी धरायचं ते? एक वहिनी तर पिशवी अशी लांब धरून चालत होत्या जणू मेलेला उंदीर धरलाय. पुढे लांबचे पाहुणे एसटीनं जाणारे, त्यांनी नम्रपणे नको म्हटलं, बाकीच्यांनी घेतली आणि जेवायला बसताना खुर्चीखाली ठेवली ती तिथेच राहिली. रात्री मोजल्या तर १४०. बरं, तुळस म्हणून टाकवतही नाही, दोन महिने मी ओळखीपाळखीच्या लोकांना तुळशी वाटत फिरत होते, शेवटी शेवटी सोसायटीचा वॉचमन मला बघून रस्ता बदलायला लागला.

वाटी तशी वाईट नाही, निदान वापरली तरी जाते. फक्त तिच्यावर नावं कोरू नका. आमच्या घरी आमटीच्या एका वाटीवर ज्यांची नावं आहेत ते दोघं कधीच वेगळे झाले, दोघंही दुसऱ्या लग्नात सुखी आहेत, आम्ही मात्र अजून त्यांच्याच वाटीतून आमटी भुरकतो. जोडप्याचा फोटो छापलेला मग तर अजिबातच नको, दुसऱ्याच्या सुनेच्या तोंडाला तोंड लावून चहा कोण पिणार.

मला विचाराल तर अर्धा किलो आंबेमोहोर आणि सोबत मेतकुटाची छोटी पुडी द्या. चिंचवडहून मुळशी-मावळ काय लांब नाही, डिसेंबरात नवा तांदूळ आलेला असतो, आणि नव्या आंबेमोहोराचा भात जो मऊ, चिकट, वासाचा होतो तो लग्नाच्या दुसऱ्या दिवशी काय लागतो म्हणून सांगू. आदल्या दिवशी जिलबी, मठ्ठा, पनीरचं काहीतरी, वर आइस्क्रीम खाऊन प्रत्येकाच्या पोटाला तोच हवा असतो, मऊ भात, मेतकूट, तूप, मीठ. १७० घरांना ८५ किलो तांदूळ लागेल, एखाद्या शेतकऱ्याकडून किंवा बचत गटाकडून सरळ पोतं घ्या, सुती पिशव्या शिवून घ्या, पिशवीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधा, तिच्यावर नावं नि तारीख. चिठ्ठी फेकली तरी पिशवी राहते. मेतकूट मात्र आधी छोट्या पाकिटात सील करून घ्या, कापडातून हिंगाचा वास सगळ्या हॉलभर पसरतो. तांदूळ नको असेल तर तासगावचे बेदाणे, वेंगुर्ल्याचे काजू, कोल्हापूरच्या गुळाच्या वड्या, घरचा गोडा मसाला, काहीही चालेल जे स्वयंपाकघरात जातं. लोणचं सोडून. लोणच्याच्या बरणीचं झाकण कितीही घट्ट लावा, ती कुणाच्या तरी गाडीच्या सीटवर सांडतेच, आणि मग ते घर तुमचं लग्न आयुष्यभर विसरत नाही.

आणि वाटायचं कुठे, तर स्टेजवर नाही. स्टेजवर हातात दिलेली पिशवी माणूस जेवताना खाली ठेवतो, पुढचं वर सांगितलंच. विड्याच्या टेबलाशेजारी, बाहेर पडायच्या दारापाशी एक खमक्या मामा बसवा यादी घेऊन.

ह्यांना सांगा, जेवायला घालणं पुष्कळ आहे हे खरंच आहे. नाही दिलं तरी कुणी काही म्हणणार नाही. पण ३६ हजार बाजूला काढलेच आहेत तर भात खाऊ दे लोकांना.

प्रश्न : मी नवरी. लग्नात बायकांना हळदीकुंकू, गजरा आणि खणाची पर्स द्यायची ठरलीय. माझी मावशी तीन वर्षांपूर्वी विधवा झाली. तिनेच मला लहानाचं मोठं केलंय. घरातल्या मोठ्या म्हणतात तिला पर्स नंतर घरी दे, उगाच चारचौघांत नको. मला हे पटत नाहीये पण मांडवात भांडणही नको आहे.
नाशिक

उत्तर : अगं, भांडण करायची गरजच नाही, फक्त पद्धत बदल. ताट घेऊन खुर्च्यांमधून फिरणं बंद कर. ताट फिरलं की फिरवणारी बाई कपाळं बघत फिरते, आणि कुणाला टाळलं ते सगळ्या हॉलला दिसतं. मी हे इतक्या वेळा बघितलंय की टाळलेली बाई त्या क्षणी हटकून पर्समध्ये काहीतरी शोधायला लागते हेही मला पाठ झालंय.

त्यापेक्षा दारातच टेबल ठेव. येणाऱ्या प्रत्येक बाईला गजरा, प्रत्येकीला पर्स, पंधरा वर्षांच्या मुलीपासून ऐंशीच्या आजीपर्यंत. कुंकवाचा करंडा टेबलावर उघडा, ज्यांना लावायचं त्या आपल्या हातानं लावतील. टेबलावर दोन चुणचुणीत पोरी बसव ज्यांना कोण कुणाची कोण हे माहीतच नाही, त्या सगळ्यांना सारखंच देतात. मावशीला वेगळं, मोठं, भाषण करून काही देऊ नकोस, त्यानं ती अजून अवघडेल.

घरातल्या मोठ्यांनी फारच धरून ठेवलं तर सांग, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेनं २०२२ च्या मे महिन्यात ठराव केला की नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं वगैरे प्रथा बंद, आणि त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. एका खेड्याला जे जमलं ते नाशिकच्या हॉलमध्ये जमेल. खणाच्या पर्सला आतून अस्तर लावून घे मात्र, बिनअस्तराचा खण आठ दिवसांत उसवतो.

प्रश्न : लेकीचं रिसेप्शन आहे, संध्याकाळी ७ ते १०.३०, लॉनवर. घरं अंदाजे तीनशे. तिला डीजे पाहिजे, व्याह्यांना ऑर्केस्ट्रा पाहिजे, मला एवढंच पाहिजे की माणसं रांगेत ताटकळून वैतागून जाऊ नयेत. मागच्या महिन्यात पुतण्याच्या रिसेप्शनला निम्मी माणसं न भेटताच जेवून गेली.
एक बाप, कऱ्हाड

उत्तर : दादा, तुम्ही एकट्यानं बरोबर प्रश्न विचारलाय, बाकी सगळे गाण्यावर अडलेत. परत हिशोब बघा. एक घर स्टेजवर चढणार, पाकीट देणार, फोटोग्राफर म्हणणार काका जरा इकडे, आजी तुम्ही मधे, एक अजून, एक अजून, खाली उतरणार, यात ४० सेकंद तर गेलेच. ३०० घरांचे १२ हजार सेकंद, म्हणजे २०० मिनिटं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. तुमचं सगळं रिसेप्शनच साडेतीन तासांचं. नवरानवरी सातला स्टेजवर हजर असली तर जेमतेम बसतं, आणि ती सातला कधीच हजर नसतात, मेकअपवाली त्यांना आठ वाजता सोडते. आता यात डीजे आणा नाहीतर साक्षात गंधर्व आणा, माणूस रांगेतच उभा राहणार.

तेव्हा आधी रांग मोडा. एक म्हणजे मेकअपची वेळ दोन तास अलीकडे घ्या, हे सांगायला बापानं स्वतः जायचं, मैत्रिणींवर सोपवायचं नाही. दुसरं, जवळच्या नातलगांचे फोटो साडेसहालाच उरकून टाका, त्यांनी परत रांगेत उभं राहायचं नाही. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, साडेआठला नवरानवरीला स्टेजवरून खाली आणा आणि पाऊण तास टेबलांमधून फिरवा. म्हातारी माणसं, पोरं कडेवर असलेल्या आया, हे लोक रांगेत येतच नाहीत, त्यांना जागेवर भेटलं की किती बरं वाटतं बघा. फोटोग्राफर कुरकुरेल, कुरकुरू दे.

जी रांग उरेल तिच्या कडेला करमणूक ठेवायची, हॉलच्या दुसऱ्या टोकाला नाही. आमच्याकडे एकदा एका पार्टीनं रांगेच्या अगदी लागून कासारीण बसवली होती, टोपलीभर काचेच्या बांगड्या घेऊन, जाता जाता बायका हात पुढे करायच्या, ती मनगट दाबून बघायची, सव्वादोन म्हणायची किंवा अडीच म्हणायची आणि बोलता बोलता बांगडी सरकवायची. पोरी तर पोरी, ज्यांनी वर्षानुवर्षं हातात सोन्याच्या पाटल्यांशिवाय काही घातलं नव्हतं त्या बायकासुद्धा थांबल्या, रांग कधी पुढे सरकली कुणाला कळलंच नाही आणि घरी जाताना प्रत्येकीच्या हातात चार चार हिरव्या बांगड्या. रिटर्न गिफ्टही झालं, करमणूकही झाली, आणि रात्री खुर्चीखाली काही म्हणजे काही नव्हतं. तसाच गजरेवाला जागेवर गजरे ओवत बसवा, पानवाला बसवा, थंडी नसेल तर बर्फाच्या गोळ्याची गाडी. पुरुषांनाही काहीतरी हवं, फेटे बांधणारा एक माणूस आणा, हौशी लोक बांधून घेतात आणि तो बांधताना बघायला दहा जण उभे राहतात.

गाण्याचं. लॉनवर आहात म्हणजे रात्री १० ला स्पीकर बंद, हा सबंध देशाचा नियम आहे २००० सालचा, बंद हॉलला आतल्यापुरती सूट आहे, लॉनला नाही. म्हणजे डीजेचा खरा वेळ तसाही उरतो नऊ ते दहा. तेवढा लेकीला द्या, जेवण झालेली पोरं नाचतील. त्याआधीचे दोन तास ऑर्केस्ट्रा नको, सनई ठेवा, किंवा एक गाणारा, एक गाणारी, पेटी आणि तबला, एवढंच. व्याह्यांनाही समाधान. आणि स्पीकरचं तोंड खुर्च्यांकडे न करता मोकळ्या बाजूला करायला सांगा. वीस वर्षांनी भेटलेल्या दोन मावसबहिणी एकमेकींच्या कानात ओरडून तुझी शुगर कशी आहे विचारतायत हे दृश्य मी दर आठवड्याला बघायचे. माणसं लग्नाला माणसांना भेटायला येतात, गाणी त्यांच्या फोनमध्येही आहेत.

प्रश्न : आमचा हॉलवाला म्हणतो रिसेप्शनला गाणी वाजवायची तर म्युझिक लायसन्स काढा, नाहीतर पैसे भरा, रक्कम तो सांगेल ती. हे खरं आहे का?
ठाणे

उत्तर : नाही. कॉपीराइट कायद्याच्या, म्हणजे १९५७ च्या कायद्याच्या, कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभाला सूट आहे आणि तिथेच खाली स्पष्टीकरणात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले बाकीचे सोहळे असं स्वच्छ लिहिलंय. तरी लोकांकडून पैसे मागणं चालूच राहिलं म्हणून जुलै २०२३ मध्ये केंद्राच्या उद्योग खात्याला जाहीर सूचना काढावी लागली की लग्नातल्या गाण्यांसाठी रॉयल्टी मागू नका. ती सूचना प्रिंट करून हॉलवाल्याच्या टेबलावर ठेवा, आवाज न चढवता. लाउडस्पीकरची पोलीस परवानगी हा वेगळा विषय आहे, ती काढा, तिथे हॉलवाला बरोबर असेल.

प्रश्न : ताई, दादाच्या रिसेप्शनले आम्ही सगळे भावंडं मिळून गेम घेऊन राहिलो. हाऊजी ठरली आहे, पण हाऊजीत मजा काय, कुणी ओळखीचं नसलं की लोकं तिकीट घेऊन निघून जातात. आणि वहिनीनं उखाणा घ्यावाच असं सगळ्यांचं म्हणणं आहे.
नवरदेवाची बहीण, नागपूर

उत्तर : हाऊजीच घ्या, फक्त आकडे तुमच्या घरातले करा. तिकिटावर पंधराच आकडे असतात, तीन ओळी, ओळीत पाच, एकपासून नव्वदपर्यंत. आता नुसतं सव्वीस, सव्वीस असं ओरडण्यापेक्षा म्हणा, दादा पहिल्यांदा वहिनीला भेटला तेव्हा त्याचं वय. किंवा, दादाला बारावीत गणितात पडलेले मार्क. किंवा, बाबांच्या पहिल्या स्कूटरच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे. आधी दहा सेकंद थांबायचं, मग आकडा सांगायचा. त्या दहा सेकंदांत जी कुजबुज होते ना, अरे छप्पन नाही पासष्ट पडले होते, मला माहितीय मीच मार्कशीट आणायला गेलो होतो, तोच खरा खेळ. वहिनीकडचेही तेवढेच आकडे घ्या, नाहीतर ती माणसं नुसती बघत बसतील. सगळे नव्वद आकडे असे बसवायची गरज नाही, पंचवीस-तीस घरचे झाले तरी पुरे, बाकीचे साधे ओरडा. अर्ध्या तासात संपवा. बक्षीस म्हणून क्रोकरी नको, हलतं-फुटतं काही नको, संत्र्याची बर्फी द्या, नागपूरचेच आहात.

उखाणा वहिनीनं एकदा घ्यावा, हौसेनं. पण मी हॉलमध्ये असे कार्यक्रम बघितलेत जिथे गृहप्रवेशापासून आइस्क्रीमपर्यंत त्या पोरीकडून बारा वेळा घेतला. त्यापेक्षा स्पर्धा पाहुण्यांची ठेवा, आणि अट अशी की पुरुषांनीही घ्यायचा, लग्नाला चाळीस वर्षं झालेल्यांनी आधी. एखादे काका माइक हातात आला की घाम पुसतात आणि मग जे काही जोडून टाकतात त्याला तोड नसते. सुरुवातीची लाज मोडायला तूच एक फेक, हा घे तयार :

हॉलच्या दारात उभा कुल्फीचा गाडा,
वहिनी नाव घेतील, आधी स्टेजवरची रांग मोडा.

ज्याला नको त्याला माइक देऊ नका. हे जरा लक्षात ठेवा, घरात नुकतंच काही झालेलं असतं, नवरा आलेला नसतो, मूल नाही म्हणून लोक बोलतात, आणि आपण गंमत म्हणून माइक पुढे करतो.

प्रश्न : आम्ही मूळचे तुळजापूर भागातले, आता मुंबईला. आमच्यात लग्नानंतर गोंधळ घालायची रीत आहे. मुलगा म्हणतो रिसेप्शनमध्येच अर्धा तास गोंधळ ठेवू, पाहुण्यांची करमणूकही होईल आणि विधीही उरकेल. काय करावं?
कांदिवली

उत्तर : उरकेल हा शब्द वाचूनच मला कसंतरी झालं. गोंधळ हा तुमचा कुळाचार आहे हो, त्यात चौक मांडायचा, वर ऊस किंवा ज्वारीची ताटं बांधायची, घट बसवायचा, दिवटी पेटवायची, मग गोंधळी एकेका देवाला नाव घेऊन बोलावतात, तुळजापूरच्या भवानीला ये म्हणतात, जेजुरीच्या खंडोबाला ये म्हणतात. देवाला बोलावलंय आणि मागे वेटर मंचुरियन घेऊन फिरतोय हे मला नाही बघवणार, आणि जे गोंधळी पिढ्यान्‌पिढ्या हे करत आलेत त्यांनाही ते आवडत नाही, फक्त पोटासाठी बोलत नाहीत.

तो घरी घाला, लग्नानंतर, रात्रभर नाही जमलं तरी सुटसुटीत पण नीट. जागा कमी असेल तर सोसायटीचा छोटा हॉल घ्या, पंचवीस माणसं पुरेत. ज्या पाहुण्यांना खरंच रस आहे त्यांना आवर्जून बोलवा. जवळून संबळ ऐकणं ही काय चीज आहे ते त्यांना कळू दे, ते दोन तोंडांचं वाद्य छातीत वाजतं, आणि वर ती तुणतुण्याची एक तार.

रिसेप्शनला लोककलाच हवी असेल तर भारूड किंवा शाहीर बोलवा, ते सभेसाठीच असतं, त्यात हसू आहे, टोमणे आहेत. पण मग त्या अर्ध्या तासात स्टेजवरचे फोटो बंद ठेवा आणि जेवणही थांबवा. कलाकार गातोय आणि समोर सगळ्यांच्या पाठी, असं करू नका. आणि त्यांचं मानधन कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी पाकिटात द्या, रात्री बारा वाजता यजमानाला शोधत फिरायची पाळी कलाकारावर आणू नका, हे मी टेबलावर बसून फार वेळा बघितलंय.

प्रश्न : लग्नात लहान मुलं साधारण चाळीस असतील. ती मांडवभर धावतात, कुणीतरी पडतं, मग रडारड. बाउन्सी किल्ला ठेवावा का?
कणकवली

उत्तर : नको, शेरवानीतली पोरं त्यात एकमेकांवर आपटतात आणि आयांना दारात चपला सांभाळत उभं राहावं लागतं. तुम्ही कणकवलीचे, तुमच्या दाराशी पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर मंडळींचा कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आणा, त्याच पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री जाहीर झाली. खेळ पोरांसाठी म्हणून ठेवा, बघायला मोठेच पुढे बसतील. आणि जाताना पोरांना सावंतवाडीचा लाकडी भोवरा किंवा लाकडी भाज्यांची छोटी टोपली, चितारआळीत सांगून ठेवा दोन महिने आधी. भोवरा जाळीसकट हातात दिलात तर लग्नातच आजोबा लोक फिरवायला शिकवायला लागतील, तेव्हा जरा मोकळी जागा ठेवा.

प्रश्न : बहिणीचं लग्न पुण्यात, पण रिसेप्शन इथे मेलबर्नला. इथल्या दीडशे लोकांसाठी तिकडून काय आणू? झेंडूच्या बियांची पाकिटं हलकी म्हणून छान वाटतायत.
मेलबर्न

उत्तर : बिया अजिबात नको. ऑस्ट्रेलियात बिया, रोपं, खाण्याच्या वस्तू या बाबतीत विमानतळावर फार कडक आहेत, फॉर्मवर लिहावं लागतं, नाही लिहिलं तर दंड, आणि लिहिलं तरी ते काढून घेऊ शकतात. खाऊ इथूनच नेण्याचा हट्ट नको. खणाचे बुकमार्क, खणाच्या छोट्या बटव्या, वारली चित्राच्या कापडी पिशव्या, दीडशे नग एका बॅगेच्या कोपऱ्यात मावतात आणि वजन काही नाही. बटव्यात घालायला चॉकलेट तिथलंच घ्या. पण त्यात एक मराठीतली चिठ्ठी घाला, खाली त्याचा अर्थ इंग्रजीत, तिकडच्या लोकांना ती अक्षरंच आवडतात.

प्रश्न : माझा प्रश्न उलटा आहे. गेल्या काही वर्षांत लग्नांमधून रिटर्न गिफ्ट म्हणून मिळालेल्या गणपतीच्या छोट्या मूर्ती माझ्याकडे ११ झाल्यात. टाकवत नाहीत, देवघरात मावत नाहीत, कुणाला द्यावं तर तो म्हणतो आमच्याकडे आहेत. मी काय करू?
एक आजोबा, डोंबिवली

उत्तर : आजोबा, सगळ्या पत्रांत तुमच्याच पत्राला मी मोठ्यानं हसले. लग्नघरांनो वाचताय ना, देवाची मूर्ती, फोटो, फ्रेम वाटू नका रे बाबांनो, घेणाऱ्याची फार पंचाईत होते. तुमचं म्हणाल तर, एक ठेवा, जी आवडते ती. बाकीच्यांपैकी शाडूच्या असतील त्या यंदा गणपतीत बादलीत विसर्जन करून माती कुंडीत घाला. धातूच्या किंवा राळेच्या असतील तर जवळच्या रिक्षा स्टँडवर एकदा विचारून बघा, डॅशबोर्डवर बसवायला त्यांना नवीन गणपती लागतच असतो, माझे चार तसेच मार्गी लागले. सात अजून कपाटात आहेत. तेव्हा तुमचे इकडे पाठवू नका.